कोबीचा किल्ला आणि अंजूच्या आईचा कढीपत्ता

फ्रान्सला गेलात तर काय बघायचं ते बघा, पण एक सल्ला फुकट देते. ज्या मैत्रिणीचं झाड तुमच्या हातून मेलंय, तिच्याबरोबर बागा बघायला जाऊ नका. आम्ही गेलो. आठवडाभर रोज एक किल्ला, रोज एक बाग आणि रोज माझं एक नवं खोटं.

आधी झाडाचं सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. आम्ही अबुधाबीत राहतो. इथून कुणी कायमचं निघालं की त्याचा संसार ओळखीपाळखीत वाटला जातो. कुणाला इस्त्रीचं टेबल मिळतं, कुणाला इडलीचा कुकर, आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं त्याला पडदे. अंजू आणि श्रीकांत नऊ वर्षं आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये होते. चार वर्षांपूर्वी श्रीकांतला फ्रान्समध्ये नोकरी मिळाली तेव्हा माझ्या वाटणीला मिक्सर, दोन स्टुलं आणि कढीपत्त्याची कुंडी आली. ते रोप अंजूच्या आईनं सांगलीच्या अंगणातलं दिलेलं होतं, आणि अंजूनं ते ओल्या फडक्यात गुंडाळून पर्समधून आणलेलं होतं. देताना अंजू म्हणाली, मिक्सर बिघडला तर खुशाल टाकून दे, याला मात्र जप.

जपलं की! मिलिंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बाल्कनीतली एसीची नळी त्या कुंडीत आणून सोडली. इथे हे घरोघरी चालतं. एसी चोवीस तास सुरू, त्याचं पाणी थेंब थेंब कुंडीत, आणि झाडाला घालायला आपल्याला एक तांब्याही उचलावा लागत नाही. झाड खूश, आम्ही खूश. पुढच्या जुलैत आम्ही महिनाभर पुण्याला निघालो. दाराला कुलूप लावण्याआधी मिलिंदनं घरभर फिरून दिवे बंद केले, गीझर बंद केला, आणि रिकाम्या घराला गारवा कशाला म्हणून एसीही बंद केले. मी त्याला वर शाबासकी दिली. घरात दोन इंजिनियर, पण एसी बंद म्हणजे नळी बंद, नळी बंद म्हणजे झाड खलास, हा हिशोब एकालाही सुचला नाही. अबुधाबीचा जुलै बाल्कनीत कसा असतो ते काय सांगू. परत आलो तेव्हा कुंडीत एक काडी उभी होती.

मी मिलिंदला घेऊन मीना बंदराजवळच्या रोपांच्या बाजारात गेले. तिथल्या केरळी माणसानं मेलेल्या झाडाचा जुना फोटो बघितला आणि सेम टू सेम म्हणून एक कढीपत्ता माझ्या गाडीत ठेवला. चाळीस दिरहम, म्हणजे नऊशे रुपये, आणि पुण्यात तेवढ्यात अख्खी बाग येईल, असं मिलिंद घरी येईपर्यंत बोलत होता. चार दिवसांनी सावकाश फोन करून अंजूला खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. त्या चार दिवसांतच अंजूची आई गेली.

अंजू सांगलीला पोचली, आणि तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला: आईच्या झाडाचा एक फोटो पाठव गं. आता तुम्हीच सांगा, काय करायचं? मी नव्या झाडाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, छान आहे, नवी पालवी फुटलीय. तेव्हापासून दर रविवारी एक फोटो, तीन वर्षं. पदरी पडलं पवित्र झालं, असं मी स्वतःला सांगत होते. पण त्या झाडाचं एक पान फोडणीला तोडायची माझी हिंमत नव्हती. कढीपत्ता मी सुपरमार्केटमधून विकत आणायचे.

या जुलैत अंजूनं हट्टानं बोलावलं. त्यांच्याकडे ल्वार नदीच्या काठानं किल्ले आणि त्यांच्या बागा पसरल्यात, आठवडाभर सगळे मिळून हिंडू म्हणाली. येताना आईच्या झाडाची एखादी फांदी आण, असंही म्हणाली. मग वाचून बघितलं तर बाहेरून कढीपत्ता न्यायला तिकडे बंदी! आयुष्यात पहिल्यांदा मला एखादा नियम इतका आवडला. पण झाडावर हात ठेवून मी ठरवलं होतं, की या वेळी समोरासमोर सांगायचं. निघताना एसी चोवीसवर सुरू ठेवला. मिलिंदनं दार ओढताना असा सुस्कारा सोडला की लिफ्टमधल्या माणसाला वाटलं कुणीतरी गेलं.

राणी आणि सवत

तूर शहराबाहेर एका टुमदार गावात अंजूचं घर आहे. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना भेटणं. त्या गालाला गाल लावायला पुढे आल्या, आणि मिलिंदनं घाबरून असा खणखणीत नमस्कार केला की त्या दोन पावलं मागे सरकल्या. पुढचे सात दिवस त्या बिचाऱ्या आम्हाला लांबूनच हात जोडत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहिला किल्ला. आम्ही बूट, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, गुळाचे खडे असं सगळं घेऊन तयार. श्रीकांतला हसू आवरेना. किल्ला म्हटला की मराठी माणसाच्या पायात गोळे यायला पाहिजेत, पण इथला किल्ला सपाटीवर, पार्किंगपासून दहा मिनिटं सावलीतून चालायचं, आणि दारात आइस्क्रीम. तटबंदी नाही, चोरदरवाजा नाही. मिलिंदला फसवल्यासारखं वाटलं. याला किल्ला का म्हणायचं, असं तो दोनदा म्हणाला.

किल्ला मात्र देखणा. नदीवर पुलासारखा आडवा बांधलेला, खालून पाणी वाहतंय. त्याच्या दोन्ही अंगांना दोन बागा. श्रीकांतनं सांगितलं, की एक राजाच्या आवडत्या बाईची आणि दुसरी त्याच्या लग्नाच्या बायकोची. राजा गेल्यावर राणीनं पहिलं काम काय केलं, तर सवतीकडून किल्ला काढून घेतला आणि आपली बाग लावली. पण सवतीची बाग उपटली नाही. ती अजून समोर आहे, आणि खरं सांगायचं तर राणीच्या बागेपेक्षा मोठी आहे. मी राणीच्या जागी असते तर पहिल्या दिवशी फावडं मागवलं असतं.

तिथे फिरताना मी सारखी खाली वाकत होते. अंजूनं विचारलं, काय हरवलं? हरवलं काही नव्हतं. मी काळी नळी शोधत होते. अबुधाबीत प्रत्येक झाडाच्या बुडाशी पाण्याची काळी नळी असते, रस्त्याकडेच्या साध्या पेटुनियालासुद्धा. तेरा वर्षांत डोळ्यांना सवय झालीय, झाड दिसलं की नळी दिसली पाहिजे. इथे गुलाब नुसतेच मातीत उभे होते. अंजू खळखळून हसली आणि म्हणाली, पहिलं वर्षभर मीही शोधायचे. मग अगदी सहज तिनं विचारलं, "शुभे, आपल्या कढीपत्त्याच्या बुंध्याला मी हिरवी सुतळी बांधली होती, ती आहे ना अजून?"

मी म्हणाले, "आहे की. जरा विटलीय."

खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात, तसं मी विटल्याचंही सांगून टाकलं. संध्याकाळी मी मिलिंदला विचारलं, तुला आठवते का रे सुतळी? त्याला आठवेना. मलाही आठवेना. पण काडी फेकताना नीट बघितलं होतं कुणी? परत गेल्यावर पहिल्या दिवशी सुतळी बांधायची, आणि ती आधी उन्हात ठेवून विटवायची, असा आमचा ठराव झाला. खरं सांगायचा बेत आम्ही एकमतानं उद्यावर ढकलला.

हॉर्न

मधले सगळे दिवस किल्लेच किल्ले. त्यांची नावं लिहीत नाही, कारण ती लिहिल्यासारखी बोलली तर फ्रेंच माणसाला कळत नाहीत आणि बोलल्यासारखी लिहिली तर तुम्हाला सापडणार नाहीत. एका किल्ल्याची बाग नुसत्या कापलेल्या झुडपांची होती. शंकू, गोळे, चौकोन. रेवा, आमची बारा वर्षांची लेक, म्हणाली, "इट लुक्स लाइक मॅथ्स होमवर्क." तिला मराठी सगळं कळतं. उत्तर इंग्रजीत येतं, अबुधाबीतल्या सगळ्या मुलांसारखं.

त्याच दिवशी जेवणाचा घोळ झाला. फ्रान्समध्ये दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर उपाशी मरा. अडीचला आम्ही एका गावात पोचलो तर सगळी हॉटेलं बंद, खुर्च्या उलट्या. आम्ही आखातातली माणसं, पहाटे चारला शावरमा खाणारी, आमचा यावर विश्वासच बसेना. श्रीकांत पार्किंगचं तिकीट काढायला उतरला. समोर एक बेकरी उघडी होती. मिलिंद पुढच्या सीटवर बसला होता. त्यानं शांतपणे हात लांब करून स्टिअरिंगवरचा हॉर्न दोनदा वाजवला.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अमिरातीत कॅफेटेरियासमोर गाडी उभी करायची आणि हॉर्न वाजवायचा. आतून माणूस पळत येतो, काचेतून ऑर्डर घेतो, आणि कडक चहा गाडीत हातात देतो. गाडीतून उतरून चहा प्यायला आमचा मिलिंद विसरलाय. बेकरीतून पांढरा एप्रन लावलेली एक बाई खरंच बाहेर आली, तेव्हा त्यानं काच खाली केली आणि हसून पाच बोटं दाखवली. तिला वाटलं गाडीत कुणी आजारी आहे. तिनं आतून आणखी एकीला बोलावलं, दोघी खिडकीत वाकल्या, एकीनं माझ्या कपाळाला हात लावला. श्रीकांत धावत आला आणि त्यानं जे काय सांगितलं असेल ते असो, त्या दोघी भर रस्त्यात पोट धरून हसल्या. त्यांनी आम्हाला गाडीतच पाव आणि चीज आणून दिलं. दिलं तर दिलं, वर पैसे घेताना मिलिंदच्या तोंडासमोर हॉर्नचा आवाज काढून दाखवला. या प्रवासात मिलिंदचा असा सत्कार आणखी कुठेच झाला नाही.

पुढे नदीकाठी बसून तो पाव आम्ही अंजूच्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ला. वारा छान होता, मनात आलं, आत्ताच सांगावं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अंजू म्हणाली, "काय गं, यंदा त्याला काळी फळं धरली का?"

"भरपूर," मी म्हणाले.

रेवानं पावातून मान वर केली. "बट मम्मा, दॅट वन डाइ..."

मी तिच्या तोंडात चीजचा एवढा तुकडा कोंबला की पुढचं वाक्य गिळलं गेलं. डायनासोरबद्दल काहीतरी म्हणतेय, असं मिलिंदनं सावरून घेतलं. आता सांगलीच्या कढीपत्त्याचा आणि डायनासोरचा काय संबंध, ते तोच जाणे. अंजू नदीकडे बघत होती, तिचे खांदे जरा हलल्यासारखे वाटले. मला वाटलं, आईची आठवण आली असेल, आणि मला स्वतःची इतकी शरम वाटली की पाव घशाखाली उतरेना.

कोबीचा किल्ला

शेवटच्या दिवशी अंजूनं तिचा लाडका किल्ला ठेवला होता. नदीपासून जवळच, एका लहानशा गावात. वरच्या गच्चीवरून खाली बघितलं आणि मी नुसती उभी राहिले. समोर गालिचा पसरावा तशी बाग. निळसर चौकोन, लाल पट्टे, पिवळे कोपरे. खाली उतरून जवळ गेलो तर ती फुलं नव्हती. निळा होता तो कोबी. लाल होते ते बीटाच्या जातीच्या पाल्याचे देठ. मधे टोमॅटो, मिरच्या, भोपळे, आणि एका चौकोनात रांगेत उभी जांभळी वांगी, एकाला डाग नाही की कीड नाही. राजेलोकांनी भाजी मंडईला नक्षीत बसवलं होतं. माझा हात शिवशिवत होता. एवढी कोवळी वांगी नुसती बघायची म्हणजे शिक्षाच आहे. मिलिंदनं माझा हात धरून ठेवला. लोकांना वाटलं असेल, काय प्रेम आहे.

चौकोनांच्या कडेनं हिरवं बुटकं कुंपण होतं. दोन्ही दंडांवर गोंदवलेली एक तरुण माळीण गुडघे टेकून ते कातरत होती. अंजूनं तिला काहीतरी विचारलं, आणि ती उठून, माती झटकून, चांगली पाच मिनिटं बोलली. श्रीकांतनं मराठी करून सांगितलं, की ही बाग दिसते तेवढी जुनी नाही. मूळची कधीच मोडून गेली होती, इथे नुसतं गवत होतं. शंभरेक वर्षांपूर्वी जुने नकाशे धुंडाळून कुणीतरी ती पुन्हा लावली. आणि हे कुंपण तर त्याहून नवं. काही वर्षांपूर्वी रोग पडला आणि जुनं झुडूप मेलं, तेव्हा त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं आणून लावलं. लोक येतात, हात फिरवतात आणि म्हणतात, वा, किती जुनं कुंपण. आम्ही काही बोलत नाही, असं म्हणून माळीण हसली आणि पुन्हा कातरायला बसली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला वाटलं ही बाई हे सगळं मलाच सांगतेय. मिलिंद माझ्याकडे बघत होता. मी अंजूचा दंड धरला आणि तिला वांग्यांच्या कडेला नेलं. तिथे एक लाकडी बाक होतं. मैत्रिणीच्या आईची शेवटची खूण आपण वाळवून मारली, आणि वर तीन वर्षं तिला बनवलं. आता ही उठून गेली आणि पुन्हा बोललीच नाही तर?

"अंजू, ते झाड मेलं गं. तीन वर्षं झाली. मी तुला दुसऱ्याच झाडाचे फोटो पाठवतेय."

"माहीत आहे," अंजू म्हणाली.

ती म्हणाली, पहिल्या फोटोतच कळलं. आईच्या झाडाची पानं करंगळीच्या नखाएवढी आणि काळपट होती, तुझ्या झाडाची बघ केवढी पसरलेली आणि पोपटी. मी त्याच अंगणात वाढले, मला कळणार नाही होय? मग मला एकदम आठवलं.

"आणि सुतळी?"

"कसली सुतळी? मी कधी बांधलीच नव्हती. तू विटवून दाखवलीस तेव्हा मला पोट दुखेपर्यंत हसू येत होतं, आणि डायनासोरला तर मी नदीत पडणार होते."

आधी मला संतापच आला. आठवडाभर मी पाव गिळू शकत नव्हते आणि ही खांदे हलवून हसत होती! मी म्हणाले, तीन वर्षं फोटो का मागत राहिलीस मग? तेव्हाच तोंडावर का नाही बोललीस?

अंजूनं हसू आवरलं. मग म्हणाली, "आई गेली तेव्हा जो तो मला समजावत होता. वय झालं होतं, सुटली, आता तू सावर. सगळं खरंच होतं त्यांचं. तू एकटीच दर रविवारी कळवायचीस, की आईच्या झाडाला नवी पालवी फुटलीय. खोटं आहे हे मला माहीत होतं, शुभे. पण मी रविवारची वाट बघायचे."

मला रडू फुटलं. तीही रडली. वांग्यांच्या कडेला दोन मराठी बायका रडताहेत हे बघून एका जपानी जोडप्यानं बाकाकडे वळवलेला कॅमेरा खाली केला. मग मी तिला एसीच्या नळीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. मिलिंदनं घरभर फिरून कसे दिवे बंद केले आणि मी कशी शाबासकी दिली, ते ऐकून ती रडता रडता हसायला लागली. म्हणाली, आई असती तर तुम्हा दोघांच्या डिग्र्या काढून घेतल्या असत्या. आणि हेही म्हणाली, की ते दुसरं झाड तरी नुसतं फोटोला का ठेवलंयस, कढीपत्ता तोडावा तसा वाढतो, एवढंही कळत नाही का तुला?

बाहेर पडताना दारापाशी एक टोपली होती. बागेत जास्त झालेली भाजी, हवी त्यांनी घ्यावी. अंजूनं एक कोबी उचलला आणि मी सहा वांगी. सातवं मिलिंदनं परत ठेवायला लावलं. त्या दिवशी अंजूनं भरली वांगी केली. राजेशाही वांगी चवीला ठीकच होती. कृष्णाकाठच्या वांग्यांशी त्यांनी स्पर्धा करू नये.

परत

घरी आलो तेव्हा अबुधाबीत शेहेचाळीस अंश होते आणि आमचा फ्लॅट थंडगार. मिलिंद बॅगा न उघडता आधी बाल्कनीत गेला. नळी टपटपत होती, कुंडी ओली होती, झाड टवटवीत. विजेच्या बिलाचं मात्र त्यानं नाव काढलं नाही, याची नोंद घ्यावी.

रविवारी मी वरण केलं. बाल्कनीत जाऊन पहिल्यांदा त्या झाडाचा एक डहाळा तोडला, फोडणीत टाकला आणि पोपटी पानं तडतडताना घरभर वास सुटला. सांगलीच्या झाडाइतका नाही, पण सुटला. रेवा आतून ओरडली, "मम्मा, समथिंग स्मेल्स रिअली गुड!" तोडल्या जागेसकट झाडाचा फोटो काढला आणि अंजूला पाठवला. या वेळी खाली काहीच लिहिलं नाही.

पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं: आईच्या झाडाला नवी पालवी फुटलेली दिसतेय. एसी बंद करू नका.